वृद्धाश्रमातला नाताळ : कार्यक्रम ठरवण्यापूर्वी

डिसेंबर उजाडला की आमच्या दवाखान्यात आजारी माणसांबरोबर आमंत्रणे घेऊन येणारी माणसेही वाढतात. एखादे तरुण मंडळ, एखादा महिलांचा गट येतो. "डॉक्टरसाहेब, नाताळानिमित्त वृद्धाश्रमात कार्यक्रम ठेवलाय, फळवाटप आहे, तुम्ही यायचंच." हेतू चांगला असतो. परंतु वेळ पाहुण्यांच्या सोयीने ठरते आणि खाणे देणाऱ्याच्या हौसेने. ज्यांच्यासाठी हे सारे करायचे, त्यांना कोणी विचारीत नाही.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाला मी पाहुणा होतो. सहाचा कार्यक्रम सव्वासातला सुरू झाला. आश्रमाच्या रोजच्या शिस्तीप्रमाणे सात वाजता मधुमेहाच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या, जेवण साडेसातला व्हायचे. पण सत्कार झाले, भाषणे झाली. त्यांत वीस मिनिटे माझी. साडेआठच्या सुमारास दुसऱ्या रांगेतल्या एक आजी असंबद्ध बोलू लागल्या. सेविका म्हणाली, "आजी दमल्यात, नेऊन निजवते." मी जवळ जाऊन हात धरला तर ऐन थंडीत अंग घामाने ओले. बॅगेतल्या यंत्रावर साखर तपासली, ती ४६ निघाली. शुद्ध होती, गिळता येत होते, म्हणून अर्धा कप पाण्यात साखर विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, मग जेवण दिले. या गोळ्यांचा अंमल म्हाताऱ्या माणसात लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून रात्रभर तपासत राहावे लागले. त्या आजींना तशाच निजवले असते तर काय झाले असते, हे मला अजून आठवते.

म्हणून वाचकहो, पहिला नियम वेळेचा. कार्यक्रम काहीही असो, गोळ्या, इन्सुलिन आणि जेवण यांची सांगड मोडायची नाही. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. तडक रुग्णालय गाठावे.

शक्यतो कार्यक्रम सकाळी ठेवावा. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांची बेचैनी दिवस कलताना वाढते. त्यात उघडझाप करणारे दिवे आणि मोठा कर्णा असला की ती माणसे घाबरतात. शिवाय कानाला यंत्र लावणाऱ्यांना त्या गोंगाटात शब्द कळत नाही, नुसता आवाज डोक्यात शिरतो. पेटी-तबला पुष्कळ झाला. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) रेव्हरंड टिळकांची भजने पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जातात. नातवाचे नाव विसरलेल्या एक बाई भजन सुरू होताच बरोबर सुरात म्हणू लागलेल्या मी पाहिल्या आहेत. तरुणपणी पाठ झालेली गाणी पुष्कळदा शेवटपर्यंत टिकतात. तेव्हा गाणी त्यांच्या तरुणपणची निवडा, तुमच्या नव्हे.

खाण्याचे म्हणाल तर नाताळाला आपल्याकडे करंज्या, शंकरपाळे, केक हे आलेच. मधुमेह आहे म्हणून एखाद्याला पंगतीत नुसते बसवून ठेवणे मला पटत नाही. एक छोटी करंजी द्या, त्या जेवणातला भात कमी करा. खरी काळजी कोरड्या पदार्थांची. पक्षाघात झालेल्यांना, दात नसलेल्यांना कोरडा केक किंवा चिवडा घशात अडकतो. केक दुधात मऊ करून, ताठ बसवून, घासाघासाने द्यावा. फळवाटपाचीही एक गोष्ट सांगतो. मूत्रपिंड निकामी होत आलेल्यांना केळी, संत्री, शहाळे यांतले पोटॅशियम बाधू शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पिशव्या भरण्याआधी आश्रमाच्या परिचारिकेला विचारा.

कंदिलाच्या वायरी चालण्याच्या वाटेवरून नेऊ नका. या वयात खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. खोकला-सर्दी असलेल्या पाहुण्याने त्या दिवशी घरीच थांबावे. मध्यरात्रीच्या भक्तीला जायची कुणाची इच्छा असेल तर कानटोपी, मोजे घालून जरूर न्यावे. पण सर्वांना सरसकट उठवू नये.

आणि त्यांना काम द्या. नुसते खुर्चीत बसवून शाल घालू नका. एका आश्रमात करंज्यांना मुरड घालण्याचे काम आजीबाईंकडे दिले. त्यांत ख्रिस्ती होत्या, हिंदूही होत्या. कुणाची मुरड सुबक, यावरून दोघींत चांगलीच जुंपली. महिनाभर न बोललेल्या एक आजी त्या भांडणात बोलल्या. एका आजोबांनी मात्र "मला काही नको, मला पडू द्या" म्हटले. त्यांची पत्नी नाताळाच्या आठवड्यातच गेली होती. त्यांना ओढून आणले नाही. एक मुलगा त्यांच्या खोलीत बसून राहिला.

पंचवीस तारखेला तीन-तीन मंडळे येतात आणि जानेवारीत फाटक वाजत नाही. यंदा आम्ही मंडळांना तारखा वाटून दिल्या आहेत, शेवटची सव्वीस जानेवारीनंतरची. नाताळचा कार्यक्रम सकाळी दहा ते बारा आहे. मला पाहुणा म्हणून बोलावले आहे, पण पत्रिकेत भाषणाचे नाव नाही.