चर्चमधला अभंग

तुकोबांची पालखी आपल्या बारामती-इंदापुरातून जाते, तेव्हा अभंग आपसूक ओठांवर येतो. तोच अभंग मराठी चर्चमध्येही गातात. आधी मिशनऱ्यांनी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवले. दीर्घ अक्षर तोकडं व्हायचं, ऱ्हस्व ताणलं जायचं. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांचे भक्तच; त्यांनी अभंगांत, ओव्यांत भजनं रचली. एकीनं ओळ सांगावी, बाकीच्यांनी उचलावी, म्हणजे वाचता न येणारीलाही गाता येतं. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, तेही ओवीत! आणि लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, लिहा-वाचायला घरीच शिकल्या.