शिंपी की राखी वटवट्या?

आज सकाळी अंगणातल्या मातीच्या परळावर पाणी प्यायला दोन चिमुकले पक्षी लागोपाठ आले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दोन्ही सारखेच की!"

आधी डोकं बघा. शिंप्याच्या कपाळावर तांबूस टोपी, पाठ हिरवट, पोट पांढुरकं. राखी वटवट्याचं डोकं पाटीसारखं करडं, पोट फिकट बदामी, डोळा तांबूस. शिवाय झुडपातून उडताना तो चट्-चट् असा आवाज करतो. एकदा ऐकलात की विसरणार नाही!

घरट्यावरून मात्र ठरवू नका. पानं शिवून घरटं दोघंही करतात.

दोघंही मुख्यतः किडे खातात, त्यामुळे दाण्यांकडे फिरकत नाहीत. उथळ पाणी ठेवा, झुडपांवर औषध मारू नका.

ओळख पटत नसेल तर फोटो टाका, मिळून बघू.