उजेडाचं कडं निवडताना
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमरावतीहून अकोल्याकडे निघालं, मूर्तिजापूर मागे टाकलं आणि डांबरी रस्ता सोडून आत वळलं की एका खेड्यात माझ्या ओळखीचं घर आहे. ओसरीतून आत शिरताच समोरच्या भिंतीवर घरातल्या आबाजींचा हार घातलेला फोटो दिसतो. तो मी काढलेला आहे. अमरावतीत माझा छोटासा स्टुडिओ आहे, आणि आपण काढलेला फोटो लोकांनी भिंतीवर लावावा याहून मोठी पावती फोटोग्राफरला नाही असं म्हणतात. त्या घरी मात्र मी भिंतीकडे पाठ करूनच चहा घेतो.

गोष्ट 2009 सालची. लग्नसराईचे चार पैसे हाती आले होते. त्या दिवसांत मासिकांच्या मुखपृष्ठांवर नट्यांचे फोटो पाहायचो. चेहरा लख्ख, सावली कुठे नाही, आणि डोळ्यांच्या बुबुळात एक पांढरं गोल कडं. कुणीतरी सांगितलं, ही रिंग फ्लॅशची करामत. मी लगेच एक जुनी रिंग फ्लॅश मिळवली. लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसणारी, चहाच्या बशीएवढी. वस्तू नामांकित कंपनीची होती, चालू स्थितीत होती. तिच्यात दोष काहीच नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

त्याच सुमारास आबाजींचा मुलगा स्टुडिओत आला. म्हणाला, "भाऊ, माह्या बुढ्याचा एक चांगला फोटो काढून द्या. भिंतीले लावाचा हाय. पन त्याले सांगू नका."

गेलो. लोडशेडिंगचे दिवस, माजघरात अंधार. आबाजींना चुन्याच्या भिंतीला टेकवून बसवलं, पाच फुटांवरून आठ-दहा फोटो घेतले. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सगळं झकास दिसलं. रात्री अमरावतीला येऊन कॉम्प्युटरवर उघडले आणि बसलोच. दोन्ही डोळे इंगळासारखे लाल. कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढराफटक. चेहऱ्याच्या चहूबाजूंनी भिंतीवर काळी रेघ, कोळशाने गिरवल्यासारखी. म्हटलं, कापूस वेचून झाला की पुन्हा जाऊ. कापूस निघायच्या आत आबाजी गेले. मुलगा आला, म्हणाला, "हाय तोच मोठा करून द्या." मी रात्रभर बसून लाल डोळे काळे केले. डोळे काळे झाले, पण त्यात आबाजी राहिले नाहीत.

चूक कुठे झाली ते मला माझ्या एका दंतवैद्य मित्राने सांगितलं. रिंग पाहताच तो हसत सुटला. "अरे, ही आमची वस्तू. तू हिच्याने माणसांचे फोटो काढतोस?" आणि ते अगदी खरं होतं. रिंग फ्लॅशचा जन्मच दातांसाठी झालेला आहे. अमेरिकेत लेस्टर डाइन यांनी 1952 साली ती तयार केली ती दातांच्या छायाचित्रणासाठी. उघड्या तोंडात बाजूने उजेड टाकला तर गालाची, ओठाची सावली दातांवर पडते. लेन्सच्याच भोवती उजेडाचं कडं बसवलं की जिथे लेन्स पाहते तिथे उजेड पोचतो. पुढे किडे-फुलं टिपणाऱ्यांनी ती उचलली आणि मग फॅशनवाल्यांनी. मार्टिन पार या ब्रिटिश छायाचित्रकाराने 1990च्या दशकात तिच्या भडक, सपाट उजेडातूनच खाण्याचे पदार्थ आणि माणसांचे बारकावे टिपून नाव कमावलं. पण तोही वस्तूला अगदी भिडून फोटो काढायचा. मी पाच फुटांवर उभा होतो.

आता हे नीट समजून घ्या, कारण रिंग निवडण्याची सगळी मेख इथेच आहे. उजेड मऊ की कडक, हे दिव्याच्या नुसत्या आकारावर ठरत नाही. तो दिवा चेहऱ्याला किती मोठा दिसतो यावर ठरतं. सूर्य केवढा प्रचंड, पण इतक्या लांबून तो टिकलीएवढा दिसतो, म्हणून वैशाखातल्या अकोल्याच्या उन्हात सावली सुरीने कापल्यासारखी पडते. ढग आला की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते. माझी रिंग 12 सेंटीमीटरची. दातांपासून 15 सेंटीमीटरवर ती आभाळासारखी वागते. दीड मीटरवर नेली, म्हणजे दहापट लांब, की दातांजवळ धरलेल्या सव्वा सेंटीमीटरच्या टिकलीसारखी होते. मग कडं उरत नाही, एक कडक ठिपका उरतो.

लाल डोळ्यांचंही तेच. बाहुलीतून आत गेलेला उजेड आतल्या पडद्यावर आपटून आला त्याच वाटेने परततो. त्या वाटेवर लेन्स बसलेली असेल तर डोळा लाल येतो. छोट्या रिंगमध्ये उजेड लेन्सला चिकटूनच असतो, आणि अंधाऱ्या माजघरात बाहुल्या सताड उघड्या. रिंग दीड फूट व्यासाची असती तर उजेड लेन्सपासून वीतभर दूर राहिला असता आणि डोळे वाचले असते. खोलीत साधा दिवा लावला तरी बाहुल्या आकसतात, एवढं तरी मला सुचायला हवं होतं.

तेव्हा दुकानात "रिंग फ्लॅश दाखवा" असं म्हणू नका. आधी आपल्याशीच ठरवा, मी चेहऱ्यापासून किती लांब उभा राहणार? एका हाताच्या आत, म्हणजे दात, दागिने, फुलं, तर लेन्सवर बसणारी छोटी रिंग उत्तम. चार-पाच फुटांवरून चेहरा आणि खांदे, तर मोठं कडं हवं. ते दोन तऱ्हांनी मिळतं. एक, स्टुडिओची खरी रिंग फ्लॅश, साधारण 400 वॉट-सेकंदांची. ताकद भरपूर, पण जड, आणि लहान स्टुडिओला परवडेलच असं नाही. दुसरी, आपल्याकडे असलेल्या साध्या फ्लॅशवर चढवायचं प्लॅस्टिकचं पोकळ कडं. फ्लॅशचा उजेड त्यात शिरतो आणि गोल फिरून बाहेर येतो. हलकं, स्वस्त, बॅगेत मावणारं. मात्र वाटेत ते निदान निम्मा उजेड खाऊन टाकतं, आणि काही कडी वरून उजळ तर खालून मंद निघतात.

हे तपासायची सोपी युक्ती आहे. दुकानातल्या आरशासमोर उभे राहा, लेन्सचं छिद्र अगदी बारीक करा आणि आरशातल्या रिंगचाच फोटो काढा. कडं सगळीकडून सारखं उजळ आहे की खाली विझलंय, ते लगेच दिसेल. आपली सर्वांत जाड लेन्सही सोबत न्या. हूड लावल्यावर ती भोकातून जात नाही, हे घरी आल्यावर कळण्यात मजा नाही. फ्लॅशचा पाय आपल्या कॅमेऱ्याच्या मेकला बसतो ना, तेही तिथेच पाहून घ्या.

ताकदीचा हिशेब करायला पेटीवर गाइड नंबर छापलेला असतो. 100 आयएसओला 14 लिहिलं असेल तर 14ला मीटरमधल्या अंतराने भागायचं. दीड मीटरवर साधारण 9 येतो, म्हणजे घरात एका माणसाला पुरेसा. चार मीटरवर साडेतीन. मळ्यात भर दुपारी हा उजेड सूर्यापुढे काजव्यासारखा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हे कुठल्याही कंपनीला चुकलेलं नाही.

आता राहिले एलईडीचे रिंग लाइट, जे हल्ली ब्युटी पार्लरपासून शिकवणी वर्गापर्यंत सगळीकडे दिसतात. ते फ्लॅश नाहीत, सतत जळणारा दिवा आहेत. मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यांना सहसा तेच लागतात, आणि दिसतं तसंच टिपलं जातं हा त्यांचा मोठा गुण. पण फ्लॅशचा उजेड क्षणाचा हजारावा भाग टिकतो आणि चुळबुळणारं पोर जागच्या जागी गोठवतो, तशी ताकद या दिव्यात नसते. घ्यायचाच तर रंगांचा खरेपणा सांगणारा सीआरआय आकडा 95च्या वर पाहा. हलक्या एलईडीत लाल रंग कमी असतो. कुंकू मळकट दिसतं आणि हळदीच्या नवरीचा चेहरा आजाऱ्यासारखा येतो. मग नवरीची आई तुम्हाला बोलते, दुकानदाराला नाही.

आणि योग्य रिंग घेतली तरी ती वापरायची कशी? माझं मत विचाराल तर तिला मुख्य उजेड करू नये. एकट्या रिंगच्या उजेडात नाक चपटं होतं, घामेजलेली कातडी चमकते. फॅशनच्या फोटोत ते शोभतं, आपल्या बापाच्या फोटोत नाही. मुख्य उजेड बाजूने, पांढऱ्या छत्रीतून किंवा सरळ खिडकीतून घ्यावा, आणि रिंग त्याच्या चौथाई ताकदीवर ठेवावी. ती सावलीला धक्का न लावता सावलीत नुसता जीव भरते. माणसाला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे आणलं की ती काळी रेघ नाहीशी होते. चष्मा असेल तर काड्या कानावर जरा उचलायच्या, काच खाली झुकते आणि कडं काचेत उमटत नाही. कपाळ रुमालाने टिपून घ्यायचं. नवीन काही विकत घ्यायच्या आधी खिडकी आणि पांढरी छत्री यांच्यावर दोन महिने काढून पाहा, असंही मी म्हणेन. बऱ्याच जणांना मग रिंग लागतच नाही.

काही वर्षांनी त्याच घरून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी आजींचा फोटो. मुलाने या वेळीही "तिले सांगू नका" म्हटलं होतं, पण आजींना सगळं ठाऊक होतं. इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन तयार बसल्या होत्या. मी त्यांना भिंतीपासून लांब, दाराच्या उजेडात बसवलं. बाजूला छत्री, आणि लेन्सभोवती फ्लॅशवर चढवलेलं मोठं कडं, अगदी मंद. दहा मिनिटांत काम झालं. आजींनी कॅमेरा हातात मागितला. पडद्यावर आपला चेहरा मोठा करून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"माह्या डोयात हे बांगडी कायची रे बापू?"

म्हटलं, "आजी, तो उजेड आहे."

त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. "मंग बुढ्याच्या डोयात काहून नाही टाकला?"