पिवळ्या दिव्याची तक्रार

गाडी नेहमीसारखीच पळत होती. आवाज नाही, धूर नाही, पिकअपही तसाच. मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा तेवढा लागला होता आणि तो काही केल्या विझेना. पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, मिनिटभरात कोड निघाला: पी ०४२०. "कॅट गेला, साहेब," म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. खर्चाचा आकडा पाच अंकी. आमची पेट्रोल हॅचबॅक नऊ वर्षांची. ती विकून जे हातात येईल त्यातला मोठा हिस्सा या एका डब्यात गेला असता. मी "विचार करून सांगतो" म्हणालो. पुण्यात याला नकार म्हणतात.

हा दिवा मुळात गाडीवाल्यासाठी नाहीच, तो हवेसाठी आहे. लॉस एंजेलिसवरचा डोळे चुरचुरवणारा धुरका गाड्यांतून निघणारी हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइड आणि ऊन यांच्या मेळातून तयार होतो, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. गाडीने स्वतःच्या धुराची चुगली स्वतःच करावी, हा नियमही त्याच कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून आणला. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत एकच पद्धत आली: स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट आणि सगळ्या कंपन्यांना सामायिक असलेले कोड. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर लागला तो १९९५ मध्ये. २०१० साली बीएस-४ ज्या तेरा शहरांत आलं त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं. त्याबरोबर ही चुगली करणारी यंत्रणाही आली आणि २०१३ पासून ती अधिक कडक झाली.

कोडची फोड सोपी आहे. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडची तक्रार, शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना सामायिक कोड, चार म्हणजे धूर स्वच्छ करणारी यंत्रणा. पूर्ण वाक्य असं: कन्व्हर्टरचं काम अपेक्षेपेक्षा कमी दिसतंय. सगळी मेख त्या 'दिसतंय'मध्ये आहे. कन्व्हर्टरच्या आत कोणी डोकावलेलं नसतं. कॉम्प्युटरने दोन सेन्सरांच्या सांगण्यावरून अंदाज बांधलेला असतो.

हे दोन सेन्सर, फिटरांच्या भाषेत ओटू सेन्सर, धुरातला ऑक्सिजन पाहतात. एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा हे आदर्श प्रमाण, पण कॉम्प्युटर ते काटेकोर धरून बसत नाही. किंचित कमी, किंचित जास्त असा सतत हेलकावत ठेवतो. त्यामुळे पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ असा वरखाली नाचतो. (अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, त्याचा आलेख असा नाचत नाही.) मागच्याने मात्र जवळपास स्थिर राहायचं असतं.

सोसायटीच्या पाण्यासारखं समजा. महापालिकेचं पाणी येतं-जातं, पण गच्चीवर टाकी असल्याने स्वयंपाकघरातल्या नळाला त्याचा पत्ता नसतो. कन्व्हर्टरच्या आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा सूक्ष्म थर असतो आणि सोबत सिरियमचं ऑक्साइड. हे ऑक्साइड म्हणजे गच्चीवरची टाकी: ऑक्सिजन जास्त आला की साठवायचा, कमी पडला की सोडायचा. टाकी गाळाने भरली, की खालचा नळही महापालिकेच्या लहरीप्रमाणे वाहू लागतो. मागचा सेन्सर पुढच्यासारखाच नाचू लागला की कॉम्प्युटर म्हणतो, साठवण संपली. लगेच दिवा लावत नाही. पुन्हा पुढच्या फेरीत तपासतो आणि दुसऱ्यांदा तेच दिसलं तरच लावतो.

पण नळ लहरी होण्याचं कारण फुटका पाइपही असू शकतं! सायलेन्सरच्या नळीचा सांधा मागच्या सेन्सरच्या आधी गळत असेल, तर धूर हबक्याहबक्याने जातो तशी मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि खापर कन्व्हर्टरवर फुटतं. शिवाय कन्व्हर्टर खरंच मेला असला, तरी तो मारला कुणी हे शोधावंच लागतं. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस त्या जाळीवर बसतो. इंजिन मिसिंग करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. अशा गाडीला नवा कन्व्हर्टर बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणं. दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला तर मिसिंग त्या थराला गेलंय असं समजायचं. तेव्हा गाडी बाजूला घेऊन बंद करायची, 'घरापर्यंत जाऊ' म्हणायचं नाही.

दुसरा फिटर सिंहगड रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमधला. त्याने कोड पाहिला आणि पहिलं वाक्य बोलला ते, "कोड उडवला नाहीत ना?" कोड साठताना कॉम्प्युटर त्या क्षणाचा पंचनामाही करून ठेवतो: वेग किती, इंजिन किती तापलेलं, त्यावर भार किती, पेट्रोलचं प्रमाण कुठे झुकलेलं. कोड उडवला की पंचनामाही जातो. हल्ली स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर घेऊन मोबाइलवरून दिवा विझवण्याची हौस वाढली आहे. साक्षीदाराला हाकलून चोर शोधण्याचा प्रकार आहे तो. कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींना तर हे महागात पडतं. तिथल्या स्मॉग तपासणीत कोड नुकताच पुसलेला आहे हे कॉम्प्युटरच सांगतो आणि गाडी परत पाठवली जाते. आपल्या पीयूसीत नळी सायलेन्सरात जाते, सॉकेटकडे कोणी बघत नाही.

आमच्या पंचनाम्यात मिसिंग नव्हतं, पेट्रोलचं प्रमाणही ठीक होतं. "ऑइल किती घालता मध्ये?" नाही घालत. मग त्याने गार इंजिन सुरू केलं, पोराला ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड अर्धवट दाबायला सांगितलं आणि स्वतः गाडीखाली सरकला. "ऐका," तो म्हणाला. कन्व्हर्टरच्या मागच्या सांध्यातून फुस्स, फुस्स. गॅस्केट जळलं होतं, काळा ओघळही होता. गॅस्केट आणि दोन गंजलेले बोल्ट बदलले, बिल हजारात आटोपलं. सगळ्यांचं असंच निभावेल असं नाही. कधी कन्व्हर्टर खरोखरच गेलेला असतो. पण स्वस्तातली शक्यता आधी तपासायला फडकं आणि दोन कान पुरतात. काही ठिकाणी मागचा सेन्सर स्पेसर लावून धुरापासून लांब ओढतात किंवा जाळीच फोडून कन्व्हर्टर रिकामा करतात. दिवा विझला तरी विष तसंच बाहेर पडत राहतं.

बीएस-६ डिझेलवाल्यांची रडकथा निराळी. तिथे काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि ती काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. गाडी रोज दोन किलोमीटरच्या शाळेपुरतीच निघत असेल तर ती मिळत नाही. वेळीच महामार्गावर सलग अर्धा तास चालवली तर बहुतेक वेळा भागतं.

आमच्या फिटरने शेवटपर्यंत कोड उडवला नाही. "गाडीलाच विझवू द्या. खेड-शिवापूरपर्यंत एका वेगात जाऊन या, रोज." कन्व्हर्टरची परीक्षा गाडी तापलेली आणि वेग स्थिर असतानाच होते, कर्वे रोडच्या सिग्नलांवर नव्हे, आणि लागोपाठ तीन फेऱ्यांत सगळं ठीक दिसलं तर दिवा आपोआप जातो. आम्ही तीन संध्याकाळी गेलो, दोनदा मिसळही खाल्ली. चौथ्या सकाळी किल्ली फिरवली. दिवा लागला. तो लागायलाच हवा. आपण शाबूत आहोत हे तो आधी दाखवतो, आणि जुनी गाडी घेताना तो या क्षणी लागला नाही तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय असं समजावं. इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला.