एका श्रोत्यासाठी एक केंद्र

प्रत्येक श्रोत्याची आवड ओळखून त्याच्यापुरती गाणी निवडणारी इंटरनेट सेवा स्वतःला रेडिओ म्हणवत असली, तरी तिची रचना रेडिओच्या नेमकी उलट आहे. मनोऱ्यावरून होणारे प्रसारण एका घरात ऐकले काय किंवा लाख घरांत ऐकले काय, प्रसारकाच्या खर्चात फरक पडत नाही. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्याकडे ध्वनीचा स्वतंत्र प्रवाह धाडावा लागतो आणि श्रोते दुप्पट झाले की वाहून न्यायचा डेटाही दुप्पट होतो. या सेवांविषयी दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. गाण्याचा आवाज पातळ लागतो ही एक, आणि दोन गाण्यांच्या मध्ये बोलणारा निवेदक माणूस नसतो ही दुसरी. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु दोन्हींचे मूळ 'एका श्रोत्यासाठी एक केंद्र' या एकाच व्यवस्थेत आहे.

ही व्यवस्था काही आजकालची नव्हे. अमेरिकेत 1999 मध्ये सुरू झालेल्या लाँचकास्टवर श्रोता गाण्यांना गुण देत असे आणि त्या गुणांवरून त्याचे केंद्र घडत असे. लंडनमध्ये 2002 मध्ये उभी राहिलेली लास्ट एफएम ही सेवा समान आवडीच्या श्रोत्यांच्या ऐकण्याच्या नोंदी ताडून पुढचे गाणे ठरवी. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या पँडोराने 2005 मध्ये निराळी वाट धरली. तिथे संगीताचे शिक्षण घेतलेली माणसे एकेक गाणे ऐकून त्याची लय, स्वररचना, वाद्यमेळ, गायकाच्या आवाजाची जात अशा कमाल 450 गुणधर्मांची नोंद करत आणि यंत्र त्या नोंदींमधून साम्य शोधे, म्हणजे निवड यंत्राची असली तरी कान माणसाचाच होता. अमेरिकेच्या 1998 च्या डिजिटल प्रताधिकार कायद्यानुसार, रेडिओच्या परवान्यावर चालणाऱ्या अशा सेवेला तीन तासांत एका कलाकाराची चारांहून अधिक गाणी लावता येत नाहीत. आवडत्या गायकाचीच गाणी सलग का लागत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे पुष्कळदा यंत्राच्या गणितात नव्हे, तर कायद्याच्या कलमात सापडते.

आवाजाच्या दर्जाचा विचार करताना 'बिटरेट' ही संज्ञा टाळता येत नाही. एका सेकंदाच्या ध्वनीसाठी किती अंकीय माहिती खर्च होते, हे त्यातून कळते. 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, अशा दोन वाहिन्या असतात. त्यांचा हिशेब सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट, म्हणजे तासाला सुमारे 635 मेगाबाइट इतका होतो. हाच तास 128 किलोबिटांवर आणला की 58 मेगाबाइटांच्या आत बसतो आणि 64 किलोबिटांवर त्याच्याही निम्म्यात. पँडोराने ब्राउझरवरील मोफत श्रोत्यांना दीर्घकाळ 64 किलोबिटांचा प्रवाह दिला आणि वर्गणी भरणाऱ्यांना 192 किलोबिटांचा, लास्ट एफएमचा प्रवाह 128 किलोबिटांचा होता, आणि स्पॉटिफायवर मोफत ऐकणाऱ्याला कमाल 160 तर वर्गणीदाराला 320 किलोबिट मिळत आले. एका श्रोत्याच्या बाबतीत ही काटकसर क्षुल्लक दिसते. कोट्यवधी स्वतंत्र प्रवाहांच्या बाबतीत तिच्यावर व्यवसायाचे गणित उभे असते.

सीडीवरील माहितीचा नऊ-दशांश भाग टाकूनही गाणे गाणेच राहते, याचे कारण कानाच्या घडणीत आहे. मोठ्या आवाजाच्या आसपासच्या कंप्रतेचा हलका आवाज कानाला ऐकूच येत नाही. या गुणधर्माला 'आच्छादन' म्हणता येईल. ध्वनीचे संक्षेपण करणारी पद्धत, म्हणजेच 'कोडेक', प्रत्येक क्षणी कोणता आवाज असा झाकला जाणार आहे याचा अंदाज घेते आणि त्याच्यावर बिट खर्च करत नाही. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत या तत्त्वावर एमपी3 ही पद्धत आकाराला येत असताना कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी सुझान व्हेगा या गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे कोणत्याही वाद्याच्या साथीविना गायलेले गीत वापरले, कारण भरगच्च वाद्यमेळात लपून जाणारे दोष या एकट्या आवाजात उघडे पडत होते. माणसाचा कान माणसाच्या आवाजाला सर्वांत कमी क्षमा करतो, ही गोष्ट यंत्रनिवेदकाच्या कितीतरी आधी कोडेक घडवणाऱ्यांच्या ध्यानात आली होती.

भारतीय संगीतात या पद्धतींची परीक्षा आणखी काही ठिकाणी होते. एमपी3 ध्वनीचे 1,152 नमुन्यांचे, म्हणजे सुमारे 26 सहस्रांश सेकंदांचे तुकडे पाडून काम करते आणि संक्षेपणातून उद्भवणारा बारीक गोंगाट त्या तुकड्यात पसरतो. तुकड्याच्या शेवटी तबल्याच्या चाटीवर किंवा हलगीवर आघात पडला, तर त्याच्या आधीच्या शांततेतही तो गोंगाट उमटतो आणि आघाताची धार बोथट होते. अशा जागी तुकडे लहान करण्याची सोय कोडेकमध्ये असते, पण तिला जास्त बिट लागतात आणि कमी बिटरेटवर नेमके तेच शिल्लक नसतात. भजनातील टाळांची अडचण याहून बिकट आहे, कारण त्यांच्या नादात उंच कंप्रता दाटीवाटीने आणि अनियमितपणे भरलेल्या असल्यामुळे झाकले जाण्याजोगे फार थोडे सापडते, आणि खणखणीत नादाच्या जागी डळमळती सळसळ ऐकू येते.

कमी बिटरेटवरची ही कुचंबणा सोडवण्यासाठी 2003 मध्ये प्रमाणित झालेल्या एचई-एएसी या पद्धतीत एक धीट युक्ती योजली गेली. तिच्यात ध्वनीचा खालचा पट्टा तेवढा नीट पाठवला जातो. वरचा पट्टा पाठवण्याऐवजी तो कसा असावा याच्या थोड्या सूचना जातात आणि श्रोत्याकडचे उपकरण खालच्या पट्ट्याची नक्कल वर सरकवून तो तयार करते. कानावर पडणारी ती झळाळी मूळ ध्वनिमुद्रणातील नसून तिथल्या तिथे रचलेली असते. यंत्राने रचलेला ध्वनी अशा रीतीने निवेदकाच्या आधी गाण्यातच शिरला होता, आणि त्याविरुद्ध कोणी फारशी तक्रार केल्याचे दिसत नाही.

दर्जा किती असावा, यावर मात्र अकारण वाद पुष्कळ झाले आहेत. कोणता प्रवाह मूळ आणि कोणता संक्षेपित हे न सांगता घेतलेल्या चाचण्यांत, एएसी किंवा 2012 मध्ये प्रमाणित झालेल्या ओपससारख्या नव्या कोडेकचा 128 किलोबिटांचा किंवा त्याहून थोडा वरचा प्रवाह बहुतेक श्रोत्यांना बहुतेक संगीताच्या बाबतीत मूळ ध्वनीपासून वेगळा ओळखता येत नाही. स्पॉटिफायने 2021 मध्ये जाहीर केलेला आणि सप्टेंबर 2025 मध्ये प्रत्यक्षात आणलेला विनाक्षय, म्हणजे काहीही न गाळणारा, प्रवाह त्यामुळे बहुतेकांसाठी समाधानाची बाब आहे, फरकाची नाही. शिवाय तोच प्रवाह नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनवर ऐकला, तर फोन तो पुन्हा एकदा संक्षेपित करूनच कानापर्यंत पोचवतो. श्रोत्याला खरोखर खटकतात त्या गोष्टी साध्या असतात: नेटवर्क मंदावले की प्रवाह मुकाट्याने खालच्या बिटरेटवर उतरतो, आणि एका गाण्यानंतर दुसरे गाणे दचकवणाऱ्या मोठ्या आवाजात सुरू होते. दुसऱ्या दोषावर उपाय आहे. कानाला जाणवणारी तीव्रता मोजण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण 2006 मध्ये ठरले आणि त्याच्या आधारे सेवा सर्व गाणी एका पातळीवर आणू शकतात.

रेडिओची मोहिनी ध्वनीच्या शुद्धतेवर कधीच अवलंबून नव्हती, हेही इथे नमूद केले पाहिजे. 1952 पासून रेडिओ सिलोनवरून गाजलेली 'बिनाका गीतमाला' मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोला जाई आणि तिथून लघुलहरींवर, चढत्या-उतरत्या आवाजात आणि खरखरीसह, भारतभर ऐकली जाई. आजचा कोणताही फोन त्याहून स्वच्छ ध्वनी देतो. तरीही श्रोते त्या खरखरीतून अमीन सयानी यांच्या आवाजाची वाट पाहत, कारण तो आवाज एकाच वेळी सगळ्यांशी बोलत असूनही प्रत्येकाला आपल्याशीच बोलत असल्यासारखा वाटे. वैयक्तिक रेडिओमध्ये निवेदकाला प्रत्येकाशी खरोखरच वेगळे बोलावे लागते, आणि तिथेच माणसाची शक्ती संपते. एक लाख श्रोत्यांना प्रत्येकी वेगळी गाणी लागत असतील आणि तासाला चार निवेदने द्यायची असतील, तर तासाला चार लाख निवेदने लागतील. साध्या रेडिओने व्हॉइस ट्रॅकिंगच्या रूपाने, म्हणजे निवेदकाने कित्येक तासांची वाक्ये एका बैठकीत मुद्रित करायची आणि संगणकाने ती गाण्यांमध्ये बसवायची अशा रीतीने, माणसाचे श्रम आधीच वाचवले होते. पण त्या युक्तीलाही ही संख्या पेलणारी नाही. यंत्रनिवेदकाकडे केवळ स्वस्त बदली म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे आहे; वैयक्तिक केंद्राला निवेदन हवेच असेल, तर ते यंत्रावाचून शक्य नाही.

यंत्राकडून वाचून घेण्याची जुनी पद्धत जोडकामाची होती. एका व्यक्तीचा कित्येक तासांचा आवाज मुद्रित करून त्याचे बारीक तुकडे करायचे आणि नव्या वाक्यासाठी योग्य तुकडे शोधून सांधायचे, ही ती पद्धत. तिचे सांधे ऐकू येत. लंडनच्या डीपमाइंडने सप्टेंबर 2016 मध्ये मांडलेल्या वेव्हनेटने तुकडे सोडून दिले आणि सेकंदाला 16,000 नमुने एकामागून एक स्वतः भाकीत करून आवाज घडवला. श्रोत्यांनी 1 ते 5 गुण देण्याच्या चाचणीत अमेरिकी इंग्रजीसाठी जोडकामाला 3.86, वेव्हनेटला 4.21 आणि खऱ्या माणसाला 4.55 गुण मिळाले. पुढच्या वर्षीच्या टॅकोट्रॉन 2 या प्रणालीने ते अंतर जवळजवळ मिटवले.

या टप्प्यानंतर वैयक्तिक रेडिओला निवेदक मिळणे ही काळाची बाब होती. स्पॉटिफायने 2022 मध्ये सोनँटिक ही लंडनमधील कृत्रिम आवाजाची कंपनी विकत घेतली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिका व कॅनडात 'डीजे' सुरू केला. त्याचा आवाज कंपनीतच काम करणाऱ्या झेव्हियर जर्निगन यांच्या आवाजावरून घडवला होता आणि वाक्ये ओपनएआयच्या तंत्रज्ञानाच्या व संपादकांच्या साहाय्याने तयार होत होती. 2024 मध्ये त्याला स्पॅनिश बोलणाऱ्या आवाजाची जोड मिळाली. एकेक वाक्य सुटे ऐकले तर हा निवेदक निर्दोष वाटतो. त्याची उणीव तासाभराने जाणवते. करुण गाण्यानंतरही त्याच्या स्वरातली उमेद ओसरत नाही आणि प्रत्येक गाणे त्याला सारखेच अपूर्व वाटते. गुण देण्याच्या चाचण्या बहुधा सुट्या वाक्यांवर घेतल्या जातात, त्यामुळे हा दोष त्यांच्या आकड्यांत उतरत नाही. एक तांत्रिक बाबही आहे: कृत्रिम आवाज पुष्कळदा सेकंदाला 24,000 नमुन्यांवर रचला जातो, त्यात 12 किलोहर्ट्झच्या वरचे काही राहत नाही, आणि पूर्ण पट्ट्याच्या गाण्याशेजारी 'स' आणि 'श' किंचित मंद लागतात.

मराठीत असा निवेदक घडवताना अडचणींची भर पडते. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांतील 'च' एकाच अक्षराने लिहिला जात असला तरी त्याचा उच्चार वेगळा आहे, आणि 'जग' या शब्दाचा उच्चार तो विश्व या अर्थी आहे की जगण्याच्या आज्ञेच्या अर्थी, यावर ठरतो; हा भेद लिपीत नसल्यामुळे यंत्राला तो संदर्भावरून शिकावा लागतो. त्यातून गाण्यांची नावे आणि गायकांची आडनावे सेवांच्या संग्रहात बहुधा रोमन लिपीत नोंदलेली असतात. तिथे 'मला' आणि 'माळा' सारखेच दिसू शकतात आणि 'त' व 'ट' यांतील फरक पुसला जातो. इंग्रजी वळणाने बोलणाऱ्या यंत्राने अभंगाचा पहिला चरण उच्चारला, की 320 किलोबिटांचा प्रवाहही श्रोत्याचे समाधान करू शकत नाही.

आवाज कोणाचा, हा प्रश्न न्यायालयांतही पोचला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अरिजित सिंग यांना आणि 2025 मध्ये आशा भोसले यांना, त्यांच्या आवाजाची परवानगीविना यंत्राने नक्कल करण्याविरुद्ध संरक्षण दिले. स्वेच्छेने आवाज देणाऱ्या निवेदकाचा प्रश्न याहून निराळा आहे, कारण तो झोपलेला असताना त्याचा आवाज त्याने कधीच न उच्चारलेली वाक्ये बोलत असतो. श्रोत्याला हे सांगितले जाते का, हा त्यापुढचा मुद्दा. सिडनीच्या काडा केंद्रावर 'थाय' नावाची यंत्रनिवेदिका सुमारे सहा महिने कार्यक्रम करत होती आणि ती माणूस नसल्याचे एप्रिल 2025 मध्ये उघड झाले. पोलंडमधील ऑफ रेडिओ क्राकूवने ऑक्टोबर 2024 मध्ये यंत्रनिवेदक आणले, 2012 मध्ये निवर्तलेल्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांची यंत्राने रचलेली 'मुलाखत'ही प्रसारित केली, आणि लोकांच्या निषेधामुळे आठवड्याभरात तो प्रयोग गुंडाळला.

ही दोन्ही केंद्रे सर्वांसाठी प्रसारण करणारी होती, म्हणूनच त्यांच्याविषयी प्रश्न उठले: तोच कार्यक्रम अनेकांनी ऐकला आणि त्यांना एकमेकांशी ताडून पाहता आले. आकाशवाणीवर निवेदकाने गीतकाराचे नाव चुकवले, तर दुरुस्ती सुचवणारी पत्रे येतात. वैयक्तिक केंद्रावरचे निवेदन एकाच श्रोत्यासाठी रचले जाते आणि त्याच्याच कानी पडते. त्यात गीतकाराचे नाव चुकले, संगीतकाराला दुसऱ्याचे श्रेय दिले गेले किंवा चित्रपटाचे वर्ष मनचे सांगितले गेले, तर ती चूक ऐकणारा दुसरा कोणी नसतो, आणि ज्याने ती ऐकली त्याला ती चूक आहे हे बहुधा ठाऊक नसते.