चतकोर कागदावरचा बाख

हार्पसिकॉर्ड मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला ते मुळीच आवडलं नव्हतं. माझा कान पेटीवर वाढलेला. भाता जरा रेटला की सूर भरघोस, आवरला की हळुवार, ही त्याची सवय. इथे तसं काहीच नाही. वाद्य दिसतं पियानोसारखं, पण पट्टी दाबली की आत हातोडी पडत नाही. एक इवलीशी नखी तार छेडते. बोट कितीही आपटा, आवाज जवळपास तेवढाच. पुढे पियानोने त्याला मागे सारलं, यात नवल ते काय, असंच मला वाटे.

ते मत बदललं झुझाना रूझिच्कोव्हा या बाईंमुळे.

त्यांचा जन्म १९२७चा, चेकोस्लोव्हाकियातल्या प्ल्झेनचा. लहानपणी पियानो शिकताना त्यांना बाखचं वेड लागलं. या मुलीने पॅरिसला वांडा लँडोव्स्का यांच्याकडे हार्पसिकॉर्ड शिकावं, असं त्यांच्या शिक्षिकेने सुचवलं. पण घर ज्यू होतं आणि नाझी येऊन ठेपले होते. १९४२ साली सगळं कुटुंब तेरेझिनच्या छावणीत गेलं. वडील तिथेच वारले. १९४३च्या डिसेंबरात मायलेकी आउश्वित्झला. झुझानाजवळ कागदाचा एक चतकोर होता. त्यावर तिने बाखच्या पाचव्या इंग्लिश स्वीटमधल्या साराबांदचे स्वर उतरवून घेतले होते. वाऱ्याने तो कागद उडाला, तेव्हा आई त्याच्यामागे धावली, असं त्या सांगत.

हॅम्बुर्गची वेठबिगारी, मग बेर्गेन-बेल्झन. १९४५ साली सुटका झाली तेव्हा वय अठरा आणि हात कष्टांनी पार बिघडलेले. पियानोचा नाद सोड, असा सल्ला मिळाला. बाईंनी तो मानला नाही. लहान मुलांच्या धड्यांपासून पुन्हा सुरुवात केली आणि दिवसदिवस रियाज केला. अकराच वर्षांनी, १९५६मध्ये, त्या म्युनिकच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जिंकल्या. तेही जर्मनीत!

मायदेशी तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती. त्या आणि त्यांचे पती, संगीतकार व्हिक्टर कालाबिस, पक्षात गेले नाहीत. परदेशी कार्यक्रमांना परवानगी मिळे, कारण त्यातून सरकारला परकीय चलन मिळे; मानधनाचा मोठा वाटा सरकारच घेई. अशा दिवसांत, १९६० आणि ७०च्या दशकांत, त्यांनी बाखच्या समग्र कीबोर्ड-रचना ध्वनिमुद्रित केल्या. असं करणाऱ्या त्या पहिल्या हार्पसिकॉर्डवादक. पुढे जुन्या वाद्यांच्या हुबेहूब प्रतिकृतींचा काळ आला आणि त्यांचं भारदस्त, आधुनिक बांधणीचं वाद्य जुनाट ठरलं. २०१६ साली ते सगळं ध्वनिमुद्रण वीस सीडींच्या संचात पुन्हा निघालं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, बाई गेल्या.

त्या संचातली साराबांद मी ऐकली आणि माझी चूक कळली. बोटाने जोर देता येत नाही, म्हणून वादकाला सगळं काळाच्या हिशेबात साधावं लागतं. एखादा स्वर किंचित उशिरा, एखादं बोट पट्टीवर क्षणभर अधिक. ख्याल ऐकणाऱ्याला हे नवं नाही. मीच ऐकत नव्हतो. जोर करण्याची सोय बाईंच्या आयुष्यातही फारशी नव्हती. धरून ठेवणं मात्र त्यांना येत होतं.

आताशा ती साराबांद लावली, की आवाज वाढवायला माझा हात जात नाही.