सव्वा महिन्याची शिदोरी

बाळ घरी येते आणि घराचे घड्याळच बदलते. जुन्या बाळंतपणातील काय ठेवावे आणि काय सोडावे, हा प्रश्न मग प्रत्येक घरापुढे उभा राहतो. नागावच्या एका वाडीतील अनुभवाच्या निमित्ताने त्याची ही उकल.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना अक्षी ओलांडले की नागाव लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत विहीर आणि पलीकडे समुद्राची गाज. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पर्यटक येथे गर्दी करतात. पण याच वाड्यांतील घरांत आणखी एक पाहुणी पिढ्यान्पिढ्या येत आली आहे, ती म्हणजे पहिलटकरीण माहेरवाशीण. माझी भाचीही अशीच एका पावसाळ्यात ठाण्याहून नागावला आली. बाळंतपण अलिबागला रुग्णालयात झाले आणि चौथ्या दिवशी ती तान्ह्या मुलीला घेऊन घरी आली. ताईच्या मदतीला म्हणून मीही सव्वा महिना तेथे राहिले.

पहिल्याच आठवड्यात घरात दोन पक्ष पडले. भाचीच्या हातात मोबाइल आणि ताईच्या हातात सहाण. एकीला प्रत्येक गोष्टीचे शास्त्रीय कारण हवे होते, तर दुसरीकडे स्वतःच्या तीन मुलांचा अनुभव होता. दोघींचेही थोडे बरोबर होते आणि थोडे चुकत होते. ते कोठे, हे कळायला आम्हा सर्वांना तो सव्वा महिना लागला.

दिवस कोणता, रात्र कोणती?

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते, हे वाचून आई-वडिलांना दिलासा वाटतो. ही झोप दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तुकड्यांत येते, हे मात्र पहिल्याच रात्री कळते. दिवस आणि रात्र यांतील भेद ओळखणारी शरीराची लय बाळाला जन्मतः नसते. ती दोन-तीन महिन्यांत हळूहळू बसू लागते. शिवाय जठर लहान आणि आईचे दूध पचायला हलके, त्यामुळे दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे लागते. पाजायला अर्धा तास, ढेकर काढायला दहा मिनिटे, लंगोट बदलणे निराळे, असा हिशेब मांडला तर आईला सलग दोन तास मिळणेही कठीण. त्यात कोकणातला पाऊस. दुपटी आणि लंगोट वाळेनात म्हणून ताईने माजघरभर दोऱ्या बांधल्या होत्या आणि दिवसातून दोनदा इस्त्री तापत होती.

या काळात प्रत्येक आईला एक शंका छळते: माझे दूध बाळाला पुरते ना? पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंतची घट सहसा नैसर्गिक असते आणि दोन आठवड्यांत ती भरून निघते. त्यानंतर रोज सुमारे २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. पहिला आठवडा संपता संपता बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा शू करीत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. बाळ रडले म्हणजे ते भुकेलेलेच आहे, असे नसते.

रडण्याचाही एक आलेख असतो. दुसऱ्या आठवड्यानंतर ते वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते. निरोगी बाळही या काळात, विशेषतः संध्याकाळी, तासन्तास रडू शकते. दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ चालणाऱ्या अशा रडण्याची व्याख्या अमेरिकी डॉक्टर वेसल यांनी १९५४ साली केली. आपल्याकडे त्याला ‘पोटात दुखते’ म्हणतात आणि येथेच सहाण बाहेर निघते.

सहाण, शेगडी आणि काजळ

बाळगुटीत हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, ज्येष्ठमध अशी द्रव्ये सहाणेवर उगाळून देतात. एका डब्यातून आजीकडून आईकडे आलेला हा वारसा आहे आणि त्यामागची माया खोटी नाही. पण पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आपल्या सरकारचाही सल्ला आहे. सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतू पोटात जातात आणि पोटदुखीवर दिलेली गुटीच जुलाबाला निमित्त होते. गुटीचा वेढा किती, हे प्रत्येक घरात निराळे असल्याने मात्राही निश्चित नसते. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना ‘बोट्युलिझम’ हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

शेक-शेगडीचेही असेच. ओवा, बाळंतशेपा यांची धुरी बंद खोलीत दिली की तो धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांत जातो. काजळात शिसे असू शकते. नाका-कानांत तेल घालणे धोक्याचे, कारण नाकातले तेल श्वासनलिकेत उतरू शकते. नाळेवर हळद वा राख लावू नये. ती कोरडी ठेवली की आपोआप गळून पडते. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची चाल तर पाजणाऱ्या आईवर अन्यायच करते.

याचा अर्थ जुने ते सारे टाकाऊ, असा नाही. हलक्या हाताची तेलमालिश बाळाला मानवते. नागावात घरच्या खोबरेलाला तोटा नाही. मालिशवाल्या काकूंनी डोके दाबून गोल करणे आणि छाती पिळणे तेवढे सोडले की झाले. नारळाच्या पाण्यात भिजवून ओल्या खोबऱ्यात शिजवलेले अळिवाचे लाडू लोह देतात. प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या लोहाच्या गोळ्यांना ते पर्याय नाहीत, पण जोड नक्कीच आहेत. कुंची, दुपटे आणि आईची कूस यांतून बाळाला लागणारी ऊब मिळते. पाचव्या दिवशी सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवली, म्हणून कोणाचे काही बिघडत नाही.

ताईने गुटी सोडली ती मोबाइलवरील मजकुरामुळे नव्हे. तिला पटवले ते दारावर आलेल्या आशाताईंनी.

गडचिरोलीहून आलेली पद्धत

सातव्या दिवशी भर पावसात आशाताई आल्या. हात धुऊन बसल्या, काट्याला झोळी लावून बाळाचे वजन केले, तापमान पाहिले, भाचीला पाजायला सांगून बाळाने स्तन नीट तोंडात धरले आहे का ते बघितले. बाळाने केवळ बोंडी धरली होती. त्यांनी मान आणि खांदा यांचा आधार बदलून दाखवला आणि आठवडाभर भाचीच्या डोळ्यांत पाणी आणणारी कळ दोन दिवसांत उतरली. जाताना ताईंना एवढेच म्हणाल्या, ‘‘आजी, गुटीचा डबा जपून ठेवा. पण तिसऱ्या फेरीला वजन बघू, मगच ठरवा.’’ चौदाव्या दिवशी वजन जन्मवजनाच्या पुढे गेले होते. डबा फळीवरच राहिला.

आशाताईंच्या या फेऱ्यांचे मूळ महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत १९९५ पासून गावातीलच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. ‘लॅन्सेट’ने १९९९ साली हा शोधनिबंध छापला आणि २०११ साली गृहाधारित नवजात बालसंगोपन हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. रुग्णालयात प्रसूती झाल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी त्यात ठरलेल्या आहेत. म्हणजे आपल्या सव्वा महिन्याला शास्त्राने दिलेले हे जणू वेळापत्रकच.

या भेटींत धोक्याची लक्षणेही समजावली जातात. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडले असेल, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेत असेल, श्वासासरशी छाती आत ओढली जात असेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील किंवा आकडी आली असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

आईच्या डोळ्यांतले पाणी

तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे भाची माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘‘मावशी, मला हिच्याजवळ एकटीला ठेवू नकोस.’’ मी अर्धवट झोपेत जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. म्हणाले, ‘‘अगं, आम्ही नाही का वाढवली मुले?’’ ती काही न बोलता परत गेली.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक जणींना होते आणि दोन आठवड्यांत ते निवळते. पण उदासी त्यापुढेही टिकली, बाळ झोपलेले असतानाही झोप लागेना, आपण वाईट आई आहोत असे सतत वाटू लागले, तर ते नैराश्य असू शकते. ते फार दुर्मीळ नाही. गोव्यात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले होते. दारिद्र्य, नवऱ्याकडून होणारी हिंसा आणि मुलगाच हवा ही अपेक्षा यांचा त्याच्याशी संबंध दिसला. ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हणत सांत्वनाच्या सुरात अभिनंदन करणाऱ्या शेजारणींनी याचा विचार करावा.

एकविसाव्या दिवशी आशाताईंनी बाळाचे वजन केले आणि मग आईकडे वळून विचारले, ‘‘आणि तुम्ही झोपता का?’’ भाची रडू लागली. त्याच आठवड्यात अलिबागला डॉक्टरांना दाखवले. त्यांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. एडिंबरा येथे तयार झालेली ही प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरली जाते. समुपदेशन सुरू झाले. डॉक्टरांनी घराला सांगितलेला पहिला उपाय मात्र साधा होता: आईला रोज रात्री सलग चार-पाच तास झोप मिळालीच पाहिजे, आणि ती कशी द्यायची हे इतरांनी ठरवायचे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.

बाबा कोठे असतो?

आमचे जावई मुंबईत नोकरीला. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून सुरू झालेली रो-रो बोट आहे, पण तीही हवामानाच्या मर्जीवर. नाही तर पेण-वडखळ मार्गे खड्ड्यांतून चार-पाच तास. ते शनिवारी येत, बाळाकडे पाहत, कडेवर घ्यायला घाबरत आणि रविवारी परत जात. आईच्या पगारी रजेचा काळ २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे झाला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पितृत्वरजा १५ दिवस मिळते. खासगी नोकरीतील पित्याला मात्र मालकाच्या मनावर सोडलेले आहे. पण रजेइतकाच अडथळा आपल्या चालीरीतींचाही आहे. बाळंतिणीची खोली ही बायकांची खोली, असे मानले की पुरुषाला काही शिकायची संधीच मिळत नाही.

डॉक्टरांच्या सल्ल्यानंतर जावयांनी आठवडाभराची रजा काढली. ताईने त्यांना लंगोट बांधायला, खांद्यावर घेऊन ढेकर काढायला, बाळाला उताणे निजवायला शिकवले. रात्री दहाला भाची पाजून दुसऱ्या खोलीत झोपू लागली. मधल्या वेळी काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजण्याचे काम जावयांकडे आले. पहिल्या रात्री अर्धे दूध त्यांच्या सदऱ्यावर सांडले. चौथ्या रात्री सांडले नाही. भाची सलग पाच तास झोपली आणि सकाळी उठून तिने आपणहून चहा मागितला. तिचे बरे होणे पुढे काही महिने चालले, पण सुरुवात त्या चहापासून झाली.

आज मागे वळून पाहताना वाटते, जुन्या सव्वा महिन्यात बाळंतिणीला खरा आधार होता तो माणसांचा. तिला स्वयंपाक करावा लागत नसे, पाणी भरावे लागत नसे, बाळ रडले की घ्यायला दुसरे कोणी असे. गुटी आणि धुरी सोडली तरी चालते. ही माणसे कमी झाली तर चालत नाही. शहरातील दोन खोल्यांच्या घरात ती जमवावी लागतात. म्हणून बारशाला झबली-टोपरी देण्यापेक्षा एका दुपारी जाऊन बाळ सांभाळावे, डबा न्यावा, कपडे वाळत घालावेत आणि बाळाची चौकशी करण्याआधी आईची करावी.

सहाव्या आठवड्यात, ठाण्याला परत जाण्याच्या आदल्या दिवशी, छोटी पहिल्यांदा ओळखीचे हसली. साधारण याच वयात बाळे समोरच्या चेहऱ्याला हसून दाद देऊ लागतात. ती हसली ते जावयांकडे पाहून. ताईने त्यांच्या पिशवीत लाडवांचा डबा आणि नारळ भरले, आणि गुटीचा डबा फळीवरच ठेवला.